विलायतेच्या बागेतला निवडुंग



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्याने मला विचारले, "निवडुंगावर कुणी व्याख्यान देतो काय? निवडुंग कुंपणावर लावायचा, आणि फार माजला तर कोयत्याने छाटायचा." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आपल्या देशावर घायपात रेल्वेच्या रुळांकडेला उभा असतो, फड्या निवडुंग गावाबाहेरच्या पडीक जागेत पसरलेला असतो, आणि या दोघांना कुणी पाणी घातल्याचे आपण कधी पाहिलेले नाही. परंतु हीच झाडे उघड्या जमिनीत जगवावीत म्हणून इंग्लंडमधील माणसांनी चारशे वर्षे खटपट केली आहे. तिकडे हिवाळ्यात दुपारी चार वाजता दिवस मावळतो, जमीन महिनेमहिने ओली राहते, आणि एखाद्या वर्षी नद्याही गोठत असत. असल्या हवेत वाळवंटातले काटेरी झाड लावण्याचा हट्ट माणसाने का धरला हे मला पुरतेपणी सांगता येणार नाही. त्या हट्टापायी तो काय शिकला, एवढे मात्र सांगता येईल.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो त्यात दोन अगदी वेगळी कुळे आहेत. त्रिधारी निवडुंग, ज्याची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो, तो आपल्याच भूमीतला, शेराचा भाऊबंद. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतला. खरी कॅक्टसची जात कोलंबसापूर्वी आपल्या देशात नव्हती आणि युरोपातही नव्हती. घायपातही अमेरिकेतलाच, पण तो कॅक्टस नव्हे. आणि युक्का नावाचे जे तलवारीसारख्या पानांचे झाड आहे ते घायपाताच्या नात्यातले. दुष्काळी मुलुखात राहण्याची पाळी आली की निरनिराळ्या कुळांतली झाडे सारखाच वेष घेतात, म्हणून आपली फसगत होते. आजच्या कथेत यांपैकी अमेरिकेतले तिघे, म्हणजे युक्का, घायपात आणि फड्या निवडुंग, एकामागून एक येतील.

युक्का पहिला आला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या होबर्न भागात जॉन जेरार्ड नावाच्या वैद्याची बाग होती. १५९७ साली त्याने वनस्पतींवर एक जाडजूड ग्रंथ छापला, आणि त्यात या झाडाचे वर्णन केले. मौज अशी की झाडाचे नावच चुकले. अमेरिकेत ज्या कंदापासून भाकरी करतात त्या कसाव्याला तिकडे युका म्हणत. हातातले झाड तेच आहे अशी जेरार्डची समजूत झाली. पुढे लिनियसने नामकरणाचे शास्त्र घालून दिले तेव्हाही हे चुकीचे नाव तसेच ठेवले, आणि आजही जगभर ते चालते. जेरार्डचे हे झाड खरे पाहता वाळवंटातले नव्हते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत ते वाढते. त्यामुळे वारा, खारी हवा आणि थोडाबहुत पाऊस ते सोसू शके. इंग्लंडच्या थंडीत ते मेले नाही. पण जेरार्डच्या हयातीत त्याला फूलही आले नाही. १६१२ मध्ये जेरार्ड वारला. त्याच्या विधवेकडून ते झाड कुणी नेले आणि ते मरून गेले, असे जॉन पार्किन्सनने पुढे १६२९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

फूल आले ते दुसऱ्याच माणसाच्या दारी. एसेक्स परगण्यात स्टबर्स येथे विल्यम कॉइस नावाचा एक गृहस्थ राहत असे. त्याच्या बागेत १६०४ साली इंग्लंडमधला पहिला युक्का फुलला. पांढऱ्या घंटांचा पुरुषभर उंच तुरा त्या परगण्यात कुणी पूर्वी पाहिला नव्हता. या फुलांचे पुढे काय झाले हा प्रश्न मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवतो.

युक्का उघड्यावर तगला, परंतु त्यामागून आलेली बाकीची मंडळी तगली नाहीत. मेक्सिकोच्या उष्ण भागातून आणि वेस्ट इंडिजच्या बेटांवरून जहाजांनी जे निवडुंग आणि घायपात आणले, ते पहिल्याच हिवाळ्यात काळे पडून लिबलिबीत झाले. ते शतकच मुळी कडक थंडीचे. १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची टेम्स नदी गोठली आणि बर्फावर बाजार भरला. त्या हिवाळ्याने आपल्या बागेची काय दैना केली याचे वर्णन जॉन एव्हलिनने रॉयल सोसायटीला पत्राने कळवले होते. त्याच एव्हलिनने पुढच्या वर्षी, १६८५ च्या ऑगस्टमध्ये, चेल्सी येथील औषधी-विक्रेत्यांची बाग पाहिली आणि रोजनिशीत एक नोंद केली. तिथल्या काचघराच्या जमिनीखाली विटांच्या कमानी घालून भट्टीची ऊब खेळवली होती. त्यामुळे कडक गारठ्यातही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येत; अडवायचे ते फक्त बर्फ.

ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. बाहेर गोठण आणि दारे उघडी! म्हणजे झाडाला नुसती ऊब पुरत नाही, कोरडी वाहती हवाही लागते, हे त्या माळ्याला उमगले होते. परंतु पुढच्या दीडशे वर्षांत या शोधातली भट्टी तेवढी लोकांनी उचलली. फिलिप मिलर चेल्सीच्या बागेचा प्रमुख होता. त्याचा १७३१ चा बागकामाचा कोश घरोघर गेला, आणि चामडे कमावून उरलेली साल कुजवून तिच्या उबेत कुंड्या पुरण्याची रीत रूढ झाली. १७२९ साली लंडनजवळ हॉक्स्टन येथे कॉवेल नावाच्या माळ्याकडे घायपात फुलला तेव्हा तो पाहायला माणसांची रीघ लागली. शंभर वर्षांतून एकदाच हे झाड फुलते अशी दंतकथा तिकडे पसरली होती. आपल्याकडे उन्हात हेच झाड दहा-वीस वर्षांत फुलून मोकळे होते. तिकडे ऊन बेताचे, म्हणून आयुष्य लांबते, एवढाच त्या शतकाचा अर्थ. पण दंतकथेमुळे झाडाची किंमत वाढली, काचघरांची संख्या वाढली, आणि काटेरी झाड म्हणजे उष्ण देशातले झाड हे समीकरण पक्के होऊन बसले.

हे समीकरण मोडले ते अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ माळावर. १८०५ च्या उन्हाळ्यात लुइस आणि क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीच्या मोठ्या धबधब्यांना वळसा घालून जड होड्या खांद्यावरून आणि गाड्यांवरून ओढून नेत होती. पायांत हरणाच्या कातड्याचे मऊ जोडे. जमिनीलगत पसरलेल्या निवडुंगाचे काटे त्यांतून आरपार जात, म्हणून माणसांनी जोड्यांना दुहेरी तळ शिवले. डास, चिलटे आणि निवडुंग ही आमची तीन दुखणी, असा त्यांच्या लिखाणाचा सूर आहे. आता हा प्रदेश कसला? तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-तीस अंश उतरतो. पाठोपाठ १८११ मध्ये थॉमस नटॉल नावाचा इंग्रज, जो मूळचा छापखान्यातला कामगार, त्याच नदीने वर गेला. त्याने १८१८ मध्ये एका बुटक्या निवडुंगाचे वर्णन केले. त्याचे पेर नुसत्या धक्क्याने तुटते आणि जनावराच्या केसाला चिकटून दुसरीकडे रुजते, म्हणून त्याने त्याला 'ठिसूळ' असेच नाव दिले. हा ठिसूळ निवडुंग कॅनडात पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे लंडनहून कितीतरी उत्तरेला, आपोआप वाढतो.

मग तो गोठून मरत का नाही? याचे उत्तर त्याच्या वागणुकीत आहे. पाणी गोठले की फुगते आणि पेशी फाटतात. तेव्हा ज्याच्या अंगात पाणी भरलेले, त्याला थंडीचे भय अधिक. हे झाड शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागताच अंगातले पाणी कमी करू लागते. पेरे सुरकुततात, जांभळट होतात, जमिनीवर लोळण घेतात. पाहणाऱ्याला वाटावे, संपले बिचारे. परंतु आत उरलेला रस घट्ट आणि बुळबुळीत झालेला असतो, आणि तो सहजासहजी गोठत नाही. वसंतात पुन्हा पाणी मिळाले की आठपंधरा दिवसांत पेरे टम्म फुगून उभी राहतात. झाडाने मरणाचे सोंग घ्यायचे आणि माळ्याने त्या सोंगाला भुलून पाणी घालायचे, यातच तिकडे अनेक झाडांचा घात झाला. आपल्याकडेही सज्जातल्या कुंडीतला निवडुंग बहुधा तहानेने मरत नाही. घरातल्या प्रेमळ माणसाच्या तांब्याने मरतो. हा माझ्या स्वतःच्या घरचा अनुभव आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

सेंट लुइस येथे जॉर्ज एंगेलमान नावाचा जर्मनीत जन्मलेला डॉक्टर होता. दिवसा रोगी तपासावेत आणि उरल्या वेळात निवडुंग तपासावेत असा त्याचा क्रम. अमेरिका आणि मेक्सिको यांची सरहद्द मोजणाऱ्या सरकारी पथकाने गोळा केलेल्या निवडुंगांवर त्याने १८५९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा पाया मानतात. पुढे जर्मनीत डार्मश्टाट येथील वनस्पती-उद्यानाचे निरीक्षक योझेफ पुर्पुस यांना त्यांचे थोरले बंधू कार्ल पुर्पुस अमेरिकेच्या पश्चिमेकडून झाडे पाठवू लागले. त्यांत डोंगरपठारावरचे, बर्फ सोसणारे निवडुंग होते. वाळवंट म्हणजे नेहमी तापलेली वाळू नव्हे, थंडीने कडकडणारी वाळवंटेही असतात, हे युरोपच्या माळ्याला या मंडळींनी दाखवून दिले.

आता प्रश्न सुटला असे वाटेल. कॅनडाच्या हिवाळ्यात जगणारे झाड लंडनच्या सौम्य हिवाळ्यात सहज जगेल, नाही का? पण लोकांनी ही झाडे मोठ्या हौसेने लावली, आणि ती मेली. थंडीने नव्हे, मुळे कुजून.

इथे आपल्या पुण्याचा दाखला उपयोगी पडेल. लंडनमध्ये वर्षाकाठी साधारण ६० सेंटिमीटर पाऊस पडतो. पुण्यात त्याहून अधिक, ७० च्या आसपास. म्हणजे 'पावसाळी' म्हणून ज्या शहराची ख्याती, ते पुण्याहून कोरडे! परंतु आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, तोही उबेच्या दिवसांत, जेव्हा झाड जागे असते आणि मिळेल ते पाणी पिऊन टाकते. तिकडचा पाऊस बारा महिने झिमझिमत असतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाड झोपलेले असताना मुळांशी थंड ओल साचून राहते. अमेरिकेच्या माळावर हिवाळा कोरडा. बर्फ पडले तरी ते पिठासारखे, वाऱ्याने उडणारे. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात सिओन नावाचे गाव आहे. दोन्ही बाजूंच्या पर्वतांनी ढग अडवल्यामुळे ते खोरे कोरडे राहते. तिथे वालेर आणि तूर्बियाँ या दोन खडकाळ टेकड्यांवर अमेरिकेतला निवडुंग कुणीही निगा न राखता रानटी होऊन पसरला आहे. मागे आल्प्सची हिमशिखरे आणि पुढे निवडुंगाची पिवळी फुले! थंडी हा खरा शत्रू असता तर हे दृश्य दिसलेच नसते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या माळ्यांनी या अडचणीवर एक पळवाट काढली. लंडनच्या बॅटरसी बागेचा प्रमुख जॉन गिब्सन याने १८६० नंतरच्या दशकात उष्ण देशांतल्या झाडांचे ताटवे सजवले. हा गिब्सन हिंदुस्थान पाहिलेला माणूस. ड्यूक ऑफ डेव्हनशायरने त्याला १८३५ मध्ये ऑर्किडे जमवायला खासी टेकड्यांत पाठवले होते. त्याच्या बागेत उन्हाळ्यात मोठी परदेशी झाडे बाहेर जमिनीत पुरायची आणि थंडी पडण्याआधी उपटून काचघरात न्यायची. शोभा उत्तम, पण ती चार महिन्यांची वरात. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठल्यामुळे काचघरे स्वस्त झाली होती, म्हणूनच हे परवडले. विल्यम रॉबिन्सनने १८७१ मध्ये या फॅशनवर पुस्तक लिहिले आणि युक्कासारखी जी झाडे बाराही महिने बाहेर राहू शकतात त्यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले. जे झाड इथे राहील तेच लावावे हा त्याचा आग्रह मला अधिक प्रामाणिक वाटतो.

परंतु एका माणसाने निराळाच डाव मांडला. झाड बदलायचे नाही, हवाच अनुकूल मिळेल अशी जागा गाठायची. इंग्लंडच्या नैऋत्य टोकापलीकडे समुद्रात सिली नावाची लहान बेटे आहेत. उबदार सागरी हवेमुळे तिथे गोठण क्वचितच पडते. १८३४ मध्ये ऑगस्टस स्मिथ नावाच्या हर्टफर्डशायरच्या श्रीमंत गृहस्थाने ती बेटे पट्ट्याने घेतली आणि ट्रेस्को बेटावर, जुन्या मठाच्या पडक्या भिंतींजवळ, घर आणि बाग उभारली. हा माणूस एकाच मापाने मोजता येत नाही. बेटांवरच्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे असा नियम त्याने मुख्य भूमीच्या कितीतरी आधी केला. सॅमसन नावाच्या बेटावर उरलेली गरीब माणसे मात्र त्याने १८५५ च्या सुमारास तिथून हलवली. आणि हाच मनुष्य १८६६ मध्ये बर्कहॅमस्टेडच्या गायरानावर एका सरदाराने घातलेले लोखंडी कुंपण लंडनहून मजूर नेऊन रातोरात उपटून टाकतो! गायरान सर्वांचे म्हणून भांडणारा माणूस स्वतःच्या बेटावर मात्र राजा होता. त्याची बाग पाहताना सॅमसनची ओस घरे मी विसरू शकत नाही.

बागेचे मर्म वाऱ्यात होते. थंडी नसली तरी अटलांटिकचा खारा वारा कशालाही डोके वर काढू देईना. स्मिथने आधी काटेरी झुडुपांचा आडोसा केला आणि मग कॅलिफोर्नियातले सुरू आणि पाइन लावून उंच भिंत उभी केली. त्या भिंतीआड दक्षिणेकडे उतरत्या टेकडीवर पायऱ्यांसारख्या पट्ट्या काढल्या. वरच्या पट्ट्या कोरड्या आणि तापणाऱ्या. तिथे घायपात, कोरफडीच्या आफ्रिकेतल्या जाती आणि पुया. पाणी खाली निघून जाई. म्हणजे ऊन, निचरा आणि आडोसा या तीन गोष्टी त्याने एकाच उतारावर जुळवल्या. १८७२ मध्ये स्मिथ वारला. पुढे त्याच्या पुतण्याने आणि त्याच्या वंशजांनी बाग राखली. दीडशे वर्षे असे वाटत राहिले की इंग्लंडमध्ये मेक्सिको वसवता येतो.

जानेवारी १९८७ मध्ये पूर्वेकडून थंडीची लाट आली आणि सिली बेटांवर बर्फ पडले. पट्ट्यांवरच्या घायपातांची पाने उकडलेल्या भाजीसारखी झाली. बागेतली बहुतेक कोवळी झाडे गेली. क्यूच्या राजोद्यानाने आणि इतरांनी रोपे दिली, लागवड पुन्हा सुरू झाली, आणि तीनच वर्षांनी, २५ जानेवारी १९९० रोजी, वादळाने स्मिथची ती आडोशाची भिंतच पाडली. मोठमोठी जुनी झाडे मुळासकट आडवी झाली. तेव्हा तिथल्या माळ्यांपुढे प्रश्न होता तो आपल्या शेतकऱ्याला पावसाने दगा दिल्यावर पडतो तोच: पुन्हा पेरायचे की नाही? त्यांनी पेरले. आधी आडोसा, मग निवडुंग, हा स्मिथचाच क्रम धरला. आडोशाचे झाड वाढायला तीस-चाळीस वर्षे लागतात हे ठाऊक असून लावले.

ट्रेस्कोची हवा सर्वांना मिळत नाही. म्हणून अलीकडच्या माळ्यांनी हवेचा नाद सोडून जमिनीकडे मोर्चा वळवला आहे. नॉरफक परगण्याच्या किनाऱ्याजवळ ईस्ट रस्टन येथे एका बागेत ॲरिझोनाच्या कोरड्या ओढ्याची नक्कल केली आहे. दगडगोटे आणि खडी यांचे उंच वाफे, ज्यांतून पावसाचे पाणी थांबत नाही, आणि त्यांत युक्का आणि घायपात. साध्या घरांतही हीच युक्ती करतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी हातभर उंच वाफा करायचा, त्यात माती थोडी आणि खडी पुष्कळ घालायची, झाड किंचित तिरके लावायचे म्हणजे मधल्या पोग्यात पाणी साचत नाही, आणि ऑक्टोबरात वर एक काच ठेवायची. बाजू मात्र उघड्या. चेल्सीच्या बागेत १६८५ साली एव्हलिनने जी उघडी दारे पाहिली, तिथेच फिरून आपण आलो! डिसेंबर २०१० हा तिकडचा शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर. त्या महिन्यात पुष्कळांचे घायपात गेले, परंतु कोरड्या खडीतले बुटके निवडुंग नेहमीप्रमाणे सुरकुतून पडून राहिले आणि मे महिन्यात उठून बसले.

एसेक्समध्ये बेथ चॅटो या बाईंनी १९९१ च्या हिवाळ्यात गाड्या उभ्या करण्याच्या खडबडीत जागेवर खडीची बाग सुरू केली. इंग्लंडमधला हा सर्वांत कोरडा भाग, आणि बाईंनी नेम केला की या बागेला वरून पाणी घालायचे नाही. तो नेम पाळला गेला. तिथे युक्का आहेत आणि उन्हाळ्यात त्यांचे तुरे उभे राहतात. याच परगण्यात १६०४ साली कॉइसच्या दारी पहिला तुरा आला होता.

आता राखून ठेवलेला प्रश्न. त्या फुलांचे पुढे काय झाले? काही नाही. फुले आली, गळाली, बी धरले नाही. इंग्लंडात जवळपास पावणेतीनशे वर्षे असेच चालले, आणि लोकांनी त्याचा दोष थंडीला दिला. १८७२ मध्ये त्या सेंट लुइसच्या डॉक्टर एंगेलमानच्या ध्यानात आले की युक्काचे परागण कुणीतरी किडा करीत असावा. त्याने चार्ल्स रायली या कीटकशास्त्रज्ञाला ते पाहायला सांगितले. रायलीने शोधून काढले की एक लहानसा पांढरा पतंग रात्री फुलात शिरतो, पराग गोळा करून त्याची गोळी करतो, आणि ती दुसऱ्या फुलाच्या योनिमुखावर आपण होऊन दाबतो. त्याच फुलात तो अंडीही घालतो. त्याच्या अळ्या थोडे बी खातात, बाकीचे झाडाला उरते. हा पतंग अमेरिकेतला. जहाजांनी झाड आणले, भट्ट्यांनी ऊब दिली, खडीने निचरा दिला, पण पतंग कुणी आणला नाही. इंग्लंडमधल्या बागेत आजही कुणाला युक्काचे बी हवे असेल तर त्याने कुंचला घेऊन स्वतः फुलाशी उभे राहावे लागते. बहुतेक जण तेवढा खटाटोप करीत नाहीत. झाडाच्या बुडाशी फुटवे येतात, ते कुदळीने वेगळे करून शेजाऱ्याला देतात.